ह्यांच्या स्वभावाचा फॉर्म

फॉर्म भरणं हे माझं काम. म्हणजे नोकरी अंगणवाडीची होती, पण गाव मला ओळखतं ते फॉर्मवरून. पंचायतीचा असो, रेशनचा असो, बँकेचा असो, कागद हातात पडला की आमच्या वाड्यावरचा, आमच्या वस्तीतला, माणूस तो उघडूनसुद्धा बघत नाही. घडी तशीच ठेवून आमच्या सोप्यावर, म्हणजे दारापुढच्या सिमेंटच्या बैठकीवर, येऊन बसतो आणि म्हणतो, "बाई, एवढं बघा हां." मग मी चहा टाकते, चष्मा लावते आणि हिरवं बॉलपेन घेते. हिरवंच का, तर निळं पेन लोक खिशाला लावून घेऊन जातात. हिरवं अजून कोणी नेलेलं नाही.

एकोणतीस वर्षं मी घरोघर सर्व्हे केले. वरून प्रश्न छापून यायचे. "कुटुंबातील महत्त्वाचे निर्णय कोण घेते?" आता सांगा, सासू समोर सुपारी सोलत बसलेली आणि सुनेला मी हे विचारू? आणि महत्त्वाचे म्हणजे कुठले, तेही त्यात लिहिलेलं नसायचं. आज बांगडे घ्यायचे की तारले, हासुद्धा आमच्याकडे महत्त्वाचाच निर्णय आहे, बाई गो! "पाणी उकळून पिता का?" असं विचारलं की अख्खं गाव हो म्हणायचं. मग मी चुलीकडे बघायची, टोपाच्या तळाला पांढरं साचलंय का ते बघायची आणि मगच टिक करायची. असं करता करता माझी विचारायची सवयच गेली. माणूस बघायचा, घर बघायचं आणि लिहून टाकायचं. चुकलं म्हणून कोणी कधी परत आलं नाही, त्यामुळे आपलं चुकतच नाही असं मला वाटायला लागलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते ह्याच गुर्मीतून झालं.

आमचे हे मूळचे दोडामार्गाकडचे. डिचोलीत खाणीवर ट्रक चालवायला आले आणि लग्न करून इथलेच झाले. मी पेडण्याची, माझं माणसांनी भरलेलं घर. ह्यांचं सगळं तारुण्य ट्रकच्या केबिनमध्ये एकट्याने गेलं. खाणीवरून नदीच्या धक्क्यावर जायचं, तिथे बार्जमध्ये माल ओतायचा, तो मुरगाव बंदराच्या वाटेला लागला की हे रिकामा ट्रक घेऊन परत. घरी यायचे तेव्हा पापण्यांवरसुद्धा लाल माती. मग खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. घरात बसलेला नवरा काय असतो ते ज्या बायकांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. विहिरीचा पंप चांगला चालू होता, तो ह्यांनी दुरुस्त करायला उघडला आणि बिघडवला. माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. मी ओरडले की गप्प बसायचे, आणि ते गप्प बसणं मला ओरडण्याहून वाईट वाटायचं.

मग शाळेच्या बसची नोकरी मिळाली. पिवळी बस, सकाळी आमोण्याच्या बाजूची मुलं गोळा करायची आणि दुपारी पोचवायची. पहिल्या दिवशी हे तोंड वाकडं करून गेले. "खनिज बरां," म्हणाले, "ओकणा नाय." आठवड्याभरात माणूस बदलला. जेवताना तोंड उघडायला लागले. कोण मुलगी देवळाच्या आगरशाळेच्या वळणावर उलटी करते म्हणून तिला पुढे बसवायची, कोणाचा डबा उघडाच असतो, कोणते दोघे शेजारी बसले की मारामारी ठरलेली, हे सगळं मला रोज ऐकायला मिळायचं. मुलं त्यांना बसमामा म्हणतात. सुट्टीच्या दिवशीही बस धुवायला जायचे, आणि ह्यांचे स्वतःचे शर्ट मात्र धुवायची मी! तरी बोलले नाही. माणूस घरात परत आला होता, मला तेवढं पुरे होतं.

तर त्या बसवर चार वर्षं झाल्यावर एका दिवशी हे एक फॉर्म घेऊन आले. शाळेच्या मॅनेजमेंटने बाहेरच्या कुठल्याशा कंपनीकडून मागवलेला. सगळ्या ड्रायव्हरांची स्वभाव चाचणी. चाळीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं की प्रत्येकाने स्वतः भरावा. ते मी वाचलं. वाचून पुढे गेले. प्रत्येक फॉर्मवर तसंच लिहिलेलं असतं.

त्याच आठवड्यात आमच्या वाड्यावरचे दुसरे चार ड्रायव्हर आपापले फॉर्म घेऊन आले होते, ते मी हसतखेळत भरले होते. "मी संयमी आहे," पूर्ण सहमत. "मला मुलांची आवड आहे," पूर्ण सहमत. त्यातला एक इतका तापट की बेडूक आडवा आला तरी हॉर्न वाजवतो, पण समोर बसून चहा पिणाऱ्या माणसाच्या तोंडावर वाईट कसं लिहायचं? त्यालाही संत करून पाठवला.

ह्यांचा फॉर्म मात्र नेमका भांडणाच्या दिवशी आला. पेडण्याला माझ्या भाचीचा साखरपुडा होता आणि हे येणार नाही म्हणाले होते. का, तर माणसं खूप असतात. दर वेळी तेच! चौतीस वर्षं मी माहेरी एकटी जाते आणि "जावयबापू खंय?", म्हणजे कुठे, ह्याला उत्तर देत बसते. त्यात दुपारी बांगड्याच्या हुमणात, म्हणजे कालवणात, तिरफळं घालायची राहिली, तर ह्यांनी ताट पुढे सरकवून ठेवलं. बोलले काही नाहीत, नुसतं सरकवलं. माझं डोकं फिरलं ते तिथे.

संध्याकाळी हे अंगणात नारळ सोलत होते आणि मी सोप्यावर फॉर्म घेऊन बसले. "वाचते हां," म्हटलं.

"तूच बग गो. तुका म्हायत आसा."

"लहानसहान गोष्टींवरून माझे डोके तापते." मी मोठ्याने वाचलं आणि विचारलंच नाही. तिरफळं ही लहान गोष्ट नाही तर काय? पूर्ण सहमत.

"मला माणसांत मिसळायला आवडते." पेडणे आठवलं. पूर्ण असहमत.

"मी धोका पत्करायला घाबरत नाही." ह्याला मी जरा थांबले. भित्रा लिहायचं की धाडसी? पावसात भरलेला ट्रक घाटातून उतरवणारा माणूस, त्याला भित्रा कसा लिहू! पूर्ण सहमत. तेवढं एक मी चांगलं म्हणून केलं होतं.

"मला एकटे राहणे आवडते." तेवढ्यात अंगणातून हे म्हणाले, "खंय? न्हाणयेत काय?" आणि न्हाणीघराच्या ह्या विनोदावर स्वतःच हसले. मला हसायचं नव्हतं. सहमत.

"मनातले मी कोणाला सांगत नाही." ह्याला तर मी पेन दोनदा फिरवलं, कागद फाटायचा बाकी राहिला.

अशी मी धडाधड चाळिसाव्या प्रश्नापर्यंत आले. शेवटचा प्रश्न वाचला आणि पेन थांबलं. थोडा वेळ ह्यांच्याकडे बघितलं. हे पाठमोरे बसले होते, नारळाची सोडणं एका बाजूला रचत. मग एक टिक केली, घडी घातली आणि फॉर्म त्यांच्या डब्याच्या पिशवीत टाकला. भांडण रात्रीच्या जेवणापर्यंत मिटलंसुद्धा. पेडण्याला मी एकटी जाऊन आले. फॉर्म मी विसरून गेले.

पंधरवड्याने एका दुपारी हे वेळेआधी घरी आले. काखेत गादी होती, बसच्या सीटवर टाकायची ती, आणि हातात थर्मास. दोन्ही वस्तू चार वर्षांत कधी घरी आल्या नव्हत्या. मी विचारलं काय झालं, तर आधी विहिरीवर जाऊन पाय धुतले. मग सांगितलं. फॉर्म मशीनमध्ये तपासले आणि ह्यांच्या नावापुढे लाल खूण आली. चटकन राग येतो, माणसं टाळतो, धोका पत्करतो, मुलांच्या गाडीवर योग्य नाही. चावी ठेवून घेतली होती. सोमवारपासून शाळेच्या आवारातली कामं बघायची, बस दुसरा चालवणार.

मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही सांगितलं नाहीत, फॉर्म बायकोने भरलाय म्हणून?"

"कशाक सांगू?" म्हणाले. "तू भरलंस काय आणि मी भरलंय काय." मग थर्मास मेजावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मी असोच आसंय काय गो? पोरां माका भियतत काय? तू माका चौतीस वर्सां बगतंस. तू लिवलंस म्हणजे खराच आसतला."

मी काही रडकी बाई नाही. पण त्या दिवशी रडले. ओरडा केला असता तर मी दुप्पट ओरडले असते, आम्हांला त्याची सवय आहे. ह्या माणसाने माझं ऐकून घेतलं होतं. स्वतःपेक्षा माझ्या हिरव्या पेनावर विश्वास ठेवला होता. मी एका दुपारच्या रागात काहीबाही लिहिलं आणि हा माणूस त्यात आपलं तोंड बघत बसला होता. सांगितलं त्यांना, की अहो, ते तिरफळांचं होतं, पेडण्याचं होतं, मी रागावले होते. तर म्हणाले, "रागान लिवलंस तरी खोटा लिवचंस नाय तू."

दुसऱ्या दिवशी मी जांभळी साडी नेसले, साखरपुड्यात नेसले होते ती, आणि ह्यांना घेऊन शाळेत गेले. हे यायला तयार नव्हते. "बायलेक घेवन वशिलो लावक इलो म्हणतले," म्हणत होते. म्हटलं, वशिला नाही, गुन्हा कबूल करायला जातेय, तुम्ही फक्त बाजूला उभे राहा.

मुख्याध्यापिका चाळिशीची, नीटनेटकी, तिकडे मडगावच्या बाजूची असावी. तिला मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मॅडम, तो फॉर्म ह्यांचा नाही. माझा आहे. मी भरलाय."

"वर लिहिलं होतं ना, स्वतः भरावा म्हणून?"

"लिहिलं होतं. पण आमच्या वाड्यावर फॉर्म कोणी स्वतः भरत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, मग कपाट उघडून एक फाईल काढली आणि पाच फॉर्म मेजावर ओळीने मांडले. पाच नावं, एकच अक्षर. पाचही हिरवे. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मॅडमने एकेक फॉर्म बोटाने सरकवत विचारलं, "हे चौघं इतके सज्जन, की मशीनने त्यांना शंभरातले शंभर दिले. आणि तुमचे स्वतःचे मिस्टर तेवढे वाईट?"

"ते चौघं माझ्याकडे पाहुणे म्हणून आले होते," मी म्हटलं, "हे घरचे आहेत. घरच्या माणसाला कोण चांगलं म्हणतं?"

ती हसेल असं मला वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, "बाई, ह्या गाड्यांत मुलं असतात. उद्या काही झालं तर हा कागद मी कोणाला दाखवू?" बरोबर होतं तिचं. मी मान खाली घातली. माझ्या सज्जनपणाने तो बेडकाला हॉर्न मारणारा संत म्हणून बसवर बसला होता, आणि मुलांना नावानिशी ओळखणारा माणूस झाडाची पानं झाडणार होता. हे मॅडमला मी तसंच्या तसं सांगितलं, फक्त बेडूक वगळला.

शेवटी तिने ठरवलं की पाचही जणांची चाचणी पुन्हा घ्यायची. तोंडी. ती वाचणार, माणूस उत्तर देणार, आणि टिक ती करणार. "ह्यांच्यापासून सुरुवात करू. तुम्ही बाहेर बसा," मला म्हणाली. आणि मी जाताना तिने माझ्या हातातली पर्ससुद्धा बघितली, पेनबिन आहे का म्हणून!

व्हरांड्यात बाक होता, नेमका ऑफिसच्या जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली. जनेल उघडं होतं. ते मी उघडलं नव्हतं, एवढं लक्षात घ्या.

आत प्रश्न सुरू झाले. "मला माणसांत मिसळायला आवडते."

"खंयच्या माणसांत?" ह्यांचा आवाज.

"म्हणजे, सर्वसाधारणपणे."

"सर्वसाधारण माणूस मी अजून बगूक नाय, मॅडम. गाडयेतली पोरां म्हणशात तर आवडतत. त्यांच्या आवशी बापूस थांब्यार भेटतत, तेंच्याशीय बोलतंय. बायलेच्या म्हायारची माणसां म्हणशात तर ती सगळी एकदम बोलतत, माका खंय बगूचा ता समजणा नाय. चौतीस वर्सां झाली, मी तेंका घाबरतंय."

घाबरतात! मी बाकावर सरळ झाले. मला वाटायचं ह्यांना माझं माहेर आवडत नाही. घाबरतात म्हणे! एवढा ट्रक चालवणारा माणूस माझ्या मावश्यांना घाबरतो, आणि ते मला जनेलाखाली बसून कळतंय.

"लहान गोष्टींवरून डोके तापते?" मॅडमने विचारलं.

"घराकडे की गाडयेर?"

"दोन्ही सांगा."

"घराकडे तापता. गाडयेर तापवन चलणा नाय. म्हणान घराकडे तापता."

"धोका पत्करायला घाबरत नाही?"

"घाबरतंय. डायवरान घाबरूक होयाच. ट्रकार घाबरी नाय होतंय, मागे खनिज होतां. आता पाठीमागे कोणाचीतरी पोरां आसतत."

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मॅडम चौकोनांत टिक करत नाहीये. पेनाचा आवाज लांबलचक येत होता. ती समासात लिहीत होती. मध्येच म्हणालीसुद्धा, "हे प्रश्न कोणी केलेत कोण जाणे. कुठे, कोणाबरोबर, काहीच विचारत नाहीत." मी मनात म्हटलं, बाई गो, मीही एकोणतीस वर्षं तेच केलं. मी तर प्रश्नसुद्धा विचारत नव्हते. ह्या माणसाच्या बाजूला चौतीस वर्षं जेवायला बसले, आणि घराकडे की गाडीवर एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

चाळिसावा प्रश्न यायला दुपारची मधली सुट्टी उलटून गेली. मॅडमने वाचला. "एकंदरीत मी माझ्या आयुष्यात समाधानी आहे."

मैदानावर नळ वाहत होता, कोणीतरी तो बंद केला. मला वाटलं, आता हे विचारणार, खंय म्हणून. ट्रकवर की बसवर. खाणीच्या आधी की नंतर. अंगणात ट्रक उभा होता त्या वर्षांचं काय, ते विचारणार.

पण ह्यांनी वेगळंच विचारलं. "माज्या बायलेन हेच्याफुडे काय केलेलां?"

कागद उलटल्याचा आवाज आला. मी काय केलं होतं ते मला आठवत होतं. बाकीच्या एकोणचाळीस प्रश्नांचा मी असा विचार केला नव्हता. ह्या एकाचा केला होता. पाठमोऱ्या माणसाकडे बघत बसले होते, आणि काय लिहावं ते मला कळलं नव्हतं. आणि उठून दहा पावलांवर जाऊन विचारायची हिंमत झाली नव्हती. नाही म्हणाले तर?

"त्यांनी 'सांगता येत नाही' केलंय," मॅडम म्हणाली.

"तिका सांगूक येवक नाय?" ह्यांच्या आवाजात खरंच नवल होतं. "सगळ्या गावाचा सांगता ती!"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"लिवा, पूर्ण सहमत. आणि लिवतास तर जरा मोठ्यान वाचा, मॅडम. ती भायर जनेलाखाली बसली आसा, तिका ऐकाक येवंदे."

मॅडमने खरंच वाचलं, प्रार्थनेला वाचतात तसं, एकेक शब्द सुटा करून.

"ऐकलं हो, ऐकलं!" मी बाकावरूनच ओरडले. आवाज नीट निघाला नाही, पण आत पोचला. थोड्या वेळाने हे दार उघडून बाहेर आले. हातात बसची चावी होती.

"घराकडे गेल्यार," म्हणाले, "ती गादी आधी काढून दी. आणि पेन घेवन बस सोप्यार. चाळिसावो प्रश्न तुका विचारूचो रवलो हा."